मुका खांब

डाव्या हाताची दोन बोटं
करवतीनं ठेवून घेतली, त्याला आता चौदा महिने.
उरलेल्यांना कामाला लावा, म्हणाली
बायोनच्या दवाखान्यातली ठेंगणी गाराझी,
आणि पुढ्यात टाकला लोकरीचा काळा गुंडा
नि टोकाला वाकडं नाक असलेली एक सुई.
टोपी विणा, म्हणाली. चपेला. साधी, गोल.
मी हसलो. बीचचे ओंडके उचलणारा माणूस मी.
ती नाही हसली.

चार साखळ्या घालायच्या,
शेवटची पहिलीत अडकवायची, झालं वर्तुळ.
माझं गाठोडं झालं.
मग गाठोड्याचा गुंता,
मग गुंत्याची शिवी.
सुई घामानं निसटत होती, मांजर बघत होतं.

ज्या टाक्यावर सगळी टोपी उभी राहते
त्याचं नाव मुका खांब.
सुई आत, दोरा ओढ,
पुन्हा दोरा, दोन्ही वेढ्यांतून बाहेर.
एवढंच. उंची नाही, नक्षी नाही.
पहिल्या फेरीत सहा.
दुसरीत प्रत्येकाच्या डोक्यावर दोन, म्हणजे बारा.
तिसरीत एकाआड एक दोन, अठरा.
शाळेत पाढ्यांच्या तासाला मी नदीवर असायचो;
आता सहाचा पाढा बोटांवर मोजतो
आणि आठाशी अडतो,
कारण बोटंच आठ.

समोर शेगडीपाशी बाप बसलेला असतो.
बोडका.
जन्मभर त्याला मी बोडका पाहिला तो फक्त चर्चमध्ये,
आणि त्या दिवशी,
जेव्हा त्यानं टोपी काढून तिच्यात माझा हात गुंडाळला
आणि घाटातून व्हॅन हाकली, एकही ब्रेक न मारता.
टोपी दवाखान्यात कुठेशी गेली.
दुसरी त्यानं घेतली नाही.
करवतीवरची जाळी त्यानंच काढून ठेवली होती,
काम लवकर उरकावं म्हणून.
हे मला ठाऊक आहे.
मला ठाऊक आहे हे त्यालाही.
शेगडीत लाकूड सरकवायला मात्र आम्ही दोघं एकदमच उठतो.

टाके जास्त वाढवले, कडेला लाटा उठल्या.
उसवलं.
वाढवायचं विसरलो, वाडगं झालं,
कोकराला दूध पाजता आलं असतं त्यातून.
उसवलं.
उसवलेली लोकर कुरळीच राहते;
कितीही ताणा, काय होऊन गेलं ते विसरत नाही.
तिच्यातच पुन्हा विणायचं.

आठव्या फेरीच्या शेवटी
सेफ्टी पिनेपाशी येऊन मी मोठ्यानं म्हणालो,
सत्तेचाळीस.
"अठ्ठेचाळीस, शाल्बात,"
बाप म्हणाला, निखाऱ्यांकडे बघतच.
मी परत मोजले.
अठ्ठेचाळीस होते.

म्हणजे तोही मोजत होता. केव्हापासून, देव जाणे.

पुढे टाके घटवायचे असतात, खालची पट्टी येते,
आणि पट्टीला डोक्याचं माप लागतं.
दोरा घेऊन मागे उभा राहिलो.
बापाचं डोकं मी कधी शिवलं नव्हतं.
कानामागे एक खड्डा आहे, लहानपणीचा असावा.
विचारलं नाही.
दोरा फिरवला, दातानं तोडला.
तो श्वास धरून बसला होता,
लोकर कातरताना म्हातारी मेंढी बसते तसा.

गाराझीनं सांगितलं होतं, सगळी टोकं आत लपवायची.
सुरुवातीचं टोक मी कापायला घेतलं, मधोमध उभं होतं ते,
बोटाच्या पेराएवढं.
त्यानं कात्री बाजूला केली.
"देठ आहे तो. देठाशिवाय टोपी असते का?"
ठेवला.

सोमवारच्या बाजाराला घालून गेला.
एका बाजूला फुगलेली, एका बाजूला बसकी,
वाटेत पावसात भिजून कानांपर्यंत उतरली.
तशीच घालून परत आला, दारात उभा राहून ठिबकत.
शेजारचा एन्यॉट हसला म्हणे.
हसू दे.
खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली,
टेबलावर ठेवली आणि शेगडीकडे वळला.

आत चार स्क्रू होते.
जाळीच्या मापाचे.